कडी काढ

असलं काही मी कधी मानलं नाही. पाहुण्यांत कुणी अंगात आल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो. म्हणून तर लिहायला इतका वेळ लागला...

मी कराडला राहतो. छंद एकच – जुने, दुर्मिळ जर्मन मूकपट. रिळं जमवायची, स्वतःच्या प्रोजेक्टरवर लावायची. यंदा तिकडच्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं एक तुटकं रीळ पाठवलं. नाव नाही, शेवट नाही. एक बाई खिडकीशी येते, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, आणि काहीतरी बोलते. ती काय बोलली ते सांगणारी पाटीच गायब. त्या चेहऱ्यासाठी मी ते कितीदा पाहिलं असेल!

आई उन्हाळ्यात गेली. दुपारी, झोपेत – असं मी सगळ्यांना सांगितलं.

दिवाळीला शिराळ्याहून दादा आला. तो तोफखान्यात होता. कान तिथंच गेले. समोरच्याचे ओठ वाचतो. माझे सिनेमे त्याला आवडतात. "तुजी मानसं मुकी, मी भैरा. लय जमतंय गड्या!" जर्मन ओठ मात्र त्याला कळत नाहीत.

दुपारी ते रीळ लावलं. बाई खिडकीशी आली आणि दादा ताठ झाला.

"आरं, ही आपलं बोलतीया!"

मी त्याच्यासमोर वाकून विचारलं, "काय?"

"'धाकल्या, कडी काढ रं.'"

धाकल्या मला फक्त आई म्हणायची.

रीळ मागं घेऊन पुन्हा लावलं. दादानं मान हलवली. "आता न्हाई. आता त्येंचंच बोलतीया." मग माझ्याकडं वळला. "कंची कडी रं?"

मी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला.

आई गेली त्या दुपारी हेच रीळ चालू होतं. अंधार मोडू नये म्हणून मी खोलीला आतून कडी घातली होती. प्रोजेक्टरच्या खडखडाटात आईची हाक आली – हो, आली होती. एवढा सीन होऊ दे, म्हटलं. दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याशी पडली होती. तिला उचलून पलंगावर ठेवलं, आणि मग शेजाऱ्यांना बोलावलं.

दादाला भास झाला म्हणा. मीही म्हणून पाहिलं. पण 'धाकल्या' त्याला ठाऊक होतं, कडी नव्हती.

दादा अजून इथंच आहे. पुन्हा विचारत नाही, नुसता माझ्या ओठांकडं बघत राहतो. तुम्हाला लिहून सांगता आलं. त्याला सांगायचं तर उजेडात बसावं लागेल... आणि तोंडावरचा हात काढावा लागेल.