कालचं दुखणं

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं आणि लवूतात्यांनी ठोकून दिलं, "काल सांजेपासून."

खरं तर दुखायला लागून जेमतेम तास झाला होता. देवबागच्या अंगणात नारळ सोलताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं, आणि हातातला नारळ तिथेच टाकून तात्या रिक्षाने थेट मालवणच्या रुग्णालयात हजर. पण तीस वर्षं जहाजावर काढलेला खलाशी एवढ्याशाने धावत सुटला, हे कागदावर कशाला? रात्रभर सोसलं म्हटलं की भारदस्त वाटतं. शिवाय खोटं पाडणार कोण? बायको जाऊन चार वर्षं झाली. घरात साक्षीला एक भिंतीवरचं घड्याळ, तेही बंद.

ईसीजी बरा निघाला, रक्तही. दुखणंही तोवर ओसरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं. त्याला काही तास लागतात. तुमचं दुखणं कालचं, म्हणजे असतं तर एव्हाना दिसलं असतं. जा घरी."

काही तास लागतात. तात्या चप्पल पायात सरकवता सरकवता थांबले. घरी पुन्हा तो गुडघा बसला तर कळणार कुणाला? शेजारच्या राधाबाईला? तिला तर ते तीन आठवडे चुकवत होते. तिने ओल्या काजूच्या उसळीची वाटी पाठवली होती. वाटी रिकामी परत द्यायची नसते, आणि तात्यांच्या चुलीवर पेजेखेरीज काही शिजत नव्हतं. वाटी राहिली, मग जाणंही राहिलं. हल्ली ती अंगणात असली की तात्या खोकलासुद्धा गिळायचे.

ते माघारी वळले. सिस्टर संचिता कागद लावत होती.

"गो बाय, माका आज सकाळी दुखूक लागला. नव वाजता."

"मग काल काय झालं होतं?"

"काल काय नाय. काल मी चांगलो होतंय."

एरवी ड्युटीवर शुद्ध बोलणारी संचिता कडाडली, "तात्यानू, हयसर सोसल्याचा बक्षीस गावत नाय! झोपा थंय!"

तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. इतर खाटांजवळ थर्मास घेऊन कुणी ना कुणी बसलेलं. तात्यांजवळ सलाईनचा स्टँड. संचिता मधून मधून येऊन "दुखता काय?" विचारायची. दिवसात इतक्या वेळा त्यांना कुणी काही विचारून वर्षं झाली होती. तात्या एकेका प्रश्नाला तीन-तीन उत्तरं द्यायचे.

दुसऱ्या रक्तात ट्रोपोनिनचा आकडा चढला. मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी लागली.

"जवळचं कोण?" संचिताने विचारलं.

"झील आसा, अनिश. मुंबयक." तात्यांनी मुलाचं नाव सांगितलं.

"हयसर जवळचा कोण?"

 तात्यांनी राधाबाईचा नंबर तोंडपाठ सांगितला. संचिताने फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"लवू? तरी म्हटलंय, अर्धो सोललेलो नारळ टाकून खंय गेलो हो माणूस! आणि तीन आठवडे तोंड लपवतस, ता काय माका दिसना नाय?"

"राधाबाय, तुझी वाटी माझ्याकडेच आसा गो."



"आसांदे. स्वतः आणून दी. आणि रिकामी हाडलंस तर बघ. थांब, मी येतंय."

पण गाडी थांबण्यातली नव्हती. दार लागलं. शेजारचं बाक रिकामंच होतं, आणि तात्या त्या वाटीत काय घालावं याचा विचार करू लागले. पेजेपुढे काही सुचेना.