कोऱ्या रकान्याची चौकशी

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते नाव तिला शोभायचंही. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम जावा या संगणकभाषेत लिहिणं हे तिचं काम. औषधांच्या स्क्रीनमागे तिची एक लाडकी अट होती: पेशंटच्या अ‍ॅलर्जीचा रकाना आधी नल आहे का पाहा, मग कोरा आहे का पाहा, दोन्हींपैकी काहीही असलं तर औषध अडवा.

नल म्हणजे तिथे डबाच ठेवलेला नाही. कोरा म्हणजे डबा ठेवलाय, पण आत अक्षर नाही. क्रमही हाच हवा. डबाच नसताना झाकण उघडायला गेलं की प्रोग्राम तोंडावर आपटतो. नुसता स्पेसबार दाबून पुढे सटकणारे महाभागही असतात, त्यांचा रकानाही ती कोराच धरायची. अ‍ॅलर्जी नसेल तर सरळ ‘नाही’ लिहा, एवढंच तिचं म्हणणं.

"नर्सेसच्या नाकात दम आणलाय तुमच्या अटीने," साहेब म्हणाले. "काढून टाका."

"सोमवारी काढते," ती नाइलाजाने म्हणाली.

सोमवार उजाडायच्या आधीच वडिलांचा पाय सुजला, ताप फणफणला. त्यांना त्याच हॉस्पिटलात दाखल केलं. दुपारी नर्स पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन आली, बाटलीवरचा कोड स्कॅन केला आणि स्क्रीन अडून बसली.

"झालं सुरू," नर्स पुटपुटली. "आजोबा, कसली अ‍ॅलर्जी आहे?"

"पेनिसिलिन की काय म्हणतात ना, ते चालत नाही मला. लहानपणी घसा असा सुजला होता, श्वासच बंद. आई सांगायची."

नर्सने सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली. "रकान्यात नुसती स्पेस आहे. फॉर्म कुणी भरला?"

"मी," वडिलांच्या उशाशी बसलेली ती म्हणाली. दाखल करताना मागे रांग होती, बाबा कण्हत होते, स्क्रीन पुढे सरकेना. स्पेसबार तिनेच दाबला होता.

एवढीशी ती अट, तिच्याच हातची. पण तिच्या घाईलाही तिने भीक घातली नव्हती. केवढं अजब आहे हे, असं वाटून ती त्या स्क्रीनकडे बघतच राहिली. आता साहेबांनी डोकं आपटलं तरी ती अट निघणार नव्हती.

"तुला ठाऊक नव्हतं होय गं?" वडिलांनी विचारलं.

"मी कधी विचारलंच नाही, बाबा."