अंजनाबाईचं सिनेमातलं रडणं

मनोरीच्या कोळीवाड्यात सिनेमाचं खरं वेड एकाच बाईला होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. अंजनाबाई सकाळच्या पहिल्या तरीने खाडी ओलांडून मार्व्याला उतरायची, तिथून बस धरून मालाडच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मासळी संपली की बाकीच्या बाया घरची वाट धरायच्या. तीही धरायची, पण महिन्यातून दोनदा नाही. अष्टमीच्या आसपास दर्याला जोर नसतो, जाळ्यात फारसं काही येत नाही. कोळी त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाटी लवकर रिकामी व्हायची आणि ही बाई तीच पाटी डोक्यावर घेऊन बाराच्या खेळाला थेटरावर हजर.

डोअरकीपर पाटी जिन्याखाली ठेवायला लावायचा. ती अगदी पुढच्या रांगेत बसायची, पडद्याला नाक लागेल इतकी पुढे. वास येतो म्हणून आजूबाजूचे लोक तोंड वाकडं करून उठून जायचे. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट पाय पसरायला जागा व्हायची. मासळी चवीने खायची आणि कोळणीला नाक मुरडायचं, ही या शहराची जुनी खोड आहे.

परतीच्या तरीत तिच्याभोवती बायांचं कोंडाळं जमायचं आणि ती सिनेमा सांगायची. मारामारी, गाणी, सासूचा छळ, सगळं हातवारे करून. फक्त एका ठिकाणी ती सरळ खोटं बोलायची. नवरा मेला असा शेवट तिने मनोरीत कधी येऊ दिला नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांचे नवरे दर्यावर असायचे. त्यांना असलं काय सांगायचं? ती त्याला शेवटच्या क्षणी गळक्या होडीतून, दुश्मनाच्या तळघरातून, कुठून कुठून जिवंत आणून घरी पोचवायची. थेटरात जाऊन खात्री करणारं तिथे कोणी नव्हतंच.

तिचा नवरा हरेश्वर यातलं काही ऐकत नसे. कमी बोलणारा माणूस. दर्यावरून आला की जाळं विणायला बसायचा. "काय बघितलंस आज?" असं त्याने विचारावं म्हणून ती त्याच्या आसपास घोटाळायची. तो विचारायचा नाही, आणि "नको जाऊ" असंही म्हणायचा नाही. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. त्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवायचं आणि त्याचा त्रासही आपणच करून घ्यायचा.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात सिनेमावाले मनोरीलाच आले. गोरेगावच्या स्टुडिओतून सामान आलं, रिफ्लेक्टर आले, छत्रीखाली बसलेली हिरॉइन आली. कथा कोळ्यांची होती म्हणे. वादळात होड्या जातात आणि किनाऱ्यावर बाया आक्रोश करतात, असा प्रसंग घ्यायचा होता. आक्रोशासाठी आणलेल्या बाया दाढ दुखल्यासारख्या रडत होत्या. तेव्हा सिनेमावाल्यांतला नंदकुमार नावाचा मराठी असिस्टंट कोळीवाड्यात फिरू लागला, खरी रडणारी बाई मिळते का बघत.

एकही बाई तयार होईना. कोळ्याच्या लग्नात नवरीच्या उजव्या हातातला हिरवा चुडा दर्याला वाहतात, त्याने नवऱ्याची राखण करावी म्हणून. डाव्या हातातला चुडा नवरा आहे तोवर राहतो. एवढा करार ज्या दर्याशी केला, त्याच्याच तोंडावर नवरा जिवंत असताना रडायला बसायचं, हे कोणाला पटणार? अंजनाबाईच्या सासूने, चंपाबाईने तर नंदकुमारला उंबऱ्यावरूनच हाकललं.

पण अंजनाबाईला राहवेना. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून जो पडदा बघितला, त्याच्यावर आपण जायचं. ती नंदकुमारला विहिरीमागे गाठून म्हणाली, "मी रडते. पण चुडा नाय काढणार, आणि कुंकू नाय पुसणार."

"काढू नका मावशी," नंदकुमार म्हणाला. "पदर कपाळावर ओढा, हात पदरात घ्या. नुसतं तोंड दिसलं की झालं."

तिला ते पटलं. चुडा हातात आहे, कुंकू कपाळावर आहे, मग दर्याला राग यायचं कारण काय? घरी तिने सांगितलं तेव्हा चंपाबाई कडाडली. हरेश्वर जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला, "मी नाय येणार तमाशा बघायला." एवढंच.

ती रडली आणि अशी रडली की छत्रीखालची हिरॉइन उठून उभी राहिली. सात वेळा तिला रडायला लावलं आणि सातही वेळा खरं पाणी आलं. संध्याकाळी नंदकुमारने तिला एक साडी दिली, जांभळी, जरीच्या काठाची. ती तिने ट्रंकेत तळाशी ठेवली.

सिनेमा दीड वर्षाने मालाडला लागला. पहिल्याच रविवारी कोळीवाड्यातली चाळीस माणसं तरीत बसून निघाली. अंजनाबाई पुढे, जांभळी साडी नेसून, घरचं कार्य असल्यासारखी सगळ्यांना सांभाळून नेत होती. नाही नाही म्हणत चंपाबाईसुद्धा आली. हरेश्वर मात्र जाळी आहेत म्हणून मागे राहिला. अंजनाबाई नेहमीप्रमाणे अगदी पुढे बसली आणि बाकीचेही तिच्यामागे.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. आधी एक म्हातारा बुडालेल्यांची नावं घेतो आणि प्रत्येक नावानंतर एकेकीचा चेहरा दिसतो. तिसऱ्या नावाला अख्ख्या पडद्यावर अंजनाबाई. पदर भुवयांपर्यंत ओढलेला, हात पदराखाली. कपाळावर कुंकू दिसत नव्हतं आणि हातात चुडा दिसत नव्हता. जे जपायचं म्हणून तिने झाकलं होतं, ते पडद्यावर नव्हतंच. उरली होती नवरा मेलेली, मोकळ्या कपाळाची बाई, आणि ती ऊर फुटेस्तोवर रडत होती. अंजनाबाई तो स्वतःचा हातभर मोठा डोळा बघत राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला होता.

मागून चंपाबाईचा आवाज आला, "माझ्या जित्या पोराला मारलंस गो."

म्हातारी उठली. तिच्यामागे एकेक करत चाळीस माणसं अंधारात चाचपडत बाहेर गेली. तेव्हा तरी हिने उठायचं. पण ही बसून राहिली. पुढे आपण पुन्हा दिसू अशी तिला आशा होती. नाही दिसली. खेळ सुटल्यावर ती पुढच्या तरीने एकटी परत आली आणि त्या तरीत सिनेमा ऐकायला कोणी नव्हतं.

सिनेमा दोन आठवड्यांत उतरला, पण मनोरीतून काही उतरला नाही. हरेश्वरचं जाळं खडकात फाटलं तर अंजनाबाई रडली होती म्हणून. होडीचं मशीन बंद पडलं, रडली होती म्हणून. चंपाबाई येता-जाता ऐकवायची, शेजारणी मान हलवायच्या. तरीत बायका सरकून बसायच्या, आणि आता मासळीच्या वासाचं कारण नव्हतं. हरेश्वर काहीच बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर तिने रडून-भांडून मोकळं केलं असतं. तो जेवायचा, जाळं विणायचा, झोपायचा. तिने ठरवून टाकलं की याने आपल्याला मनातून काढून टाकलंय. थेटरात जाणं तिने त्याच वर्षी सोडलं. भांगाच्या दिवसांतही पहिल्या बायांबरोबर घरी यायची.

पंच्याऐंशीत हरेश्वर गेला. दर्याने त्याला काही केलं नाही. कावीळ झाली, बोरिवलीच्या इस्पितळात नऊ दिवस होता आणि तिथल्या खाटेवर मेला. तरीतून आणला तेव्हा अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर उभा होता. डाव्या हातातला चुडा फोडला, कुंकू पुसलं. बाया वाट बघत होत्या, पण अंजनाबाईला रडू येईना. डोळे नुसते जळत होते. तिला भीती वाटत होती की आपण रडलो तर ते सिनेमातल्यासारखंच दिसेल.

चंपाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तिचं रडून झालंय. साडी घेऊन रडली ती."

अंजनाबाईने जांभळी साडी दुसऱ्या दिवशी चुलीत घातली. घरात हरेश्वरचा फोटो नव्हता. लग्नाचा एक होता, तो ओल लागून कधीच पांढरा पडला होता. त्याचा चेहरा दोन वर्षांत तिच्याही डोळ्यांपुढे नीट येईनासा झाला, आणि ही गोष्ट ती कोणाजवळ बोलू शकत नव्हती.

पलीकडच्या गावठाणात ज्युलियाचं घर होतं. तिच्या मुलाने बोटीवरच्या नोकरीतून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन दिला होता. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागायचा आणि अर्धी मनोरी तिच्या ओटीवर जमायची. अंजनाबाई कधी गेली नव्हती. सत्त्याऐंशीत एका रविवारी ज्युलिया स्वतः तिच्या दारात आली. "तुझाच सिनेमा लागतोय गो आज. चल. झालं ते झालं. माझ्या घरात कोण बोलतंय ते बघते."

ती गेली. खाली जमिनीवर, दाराजवळ बसली. म्हाताऱ्याने नावं घ्यायला सुरुवात केली तशी ओटीवर कुजबुज झाली. तिसऱ्या नावाला ती टीव्हीवर आली, वीतभर तोंडाची. तिला स्वतःकडे बघवेना. लाजेने तिने नजर तोंडावरून काढली आणि काचेच्या कोपऱ्यात नेली.

तिथे, तिच्या खांद्यामागे, वाळूवर ओढलेल्या होडीला टेकून हरेश्वर उभा होता.

शूटिंगचा भाग नसलेला माणूस कॅमेऱ्यात आला आणि त्या शहाण्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. धूसर होता, नखाएवढा होता, पण तो खांदा तिने वीस वर्षं बघितला होता. तमाशा बघायला येणार नाही म्हणालेला माणूस आला होता. बायको रडतेय, खोटंच रडतेय, हे त्याला माहीत होतं. तरी तो होडी सोडून पुढे आला. एक पाऊल, दुसरं पाऊल, हात थोडासा पुढे केलेला. आणि तिथे तो प्रसंग तुटला. पडद्यावर हिरॉइन पळत सुटली.

थेटरात ती पहिल्या रांगेत होती, अख्खा पडदा तिच्यासमोर होता. तेव्हा हरेश्वर माणूसभर मोठा दिसला असता. चेहरा दिसला असता. तेव्हा ती स्वतःचं तोंड बघत बसली होती.

"ज्युलिया," ती म्हणाली, "मागे घे ना जरा."

"काय मागे घे?"

"ते. आता गेलं ते."

ज्युलिया हसली. "अगं, माझ्या हातात आहे का ते? ते दाखवतात तेवढं बघायचं."

"मग परत कधी दाखवतील?"

"हा? हा पडेल सिनेमा परत कोण दाखवतोय बाई."

अंजनाबाई तिथेच, दारात, रडली. सहा वर्षांपूर्वीपेक्षा वाईट रडली, नाकातोंडातून आवाज करत. ओटीवरच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण हळूच म्हणाली की स्वतःचंच काम बघून भरून आलं बघ हिला. अंजनाबाईने ऐकलं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सिनेमातला मेलेला नवरा जिवंत करून आणायची तिची सवय या सगळ्यांना माहीत होती. हे कोण खरं मानणार होतं?

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन टीव्हीपाशी बसली. त्याच्या पुढच्याही. सिनेमा कुठलाही असो, शहरातला, डोंगरातला, राजवाड्यातला. हिरो-हिरॉइन मधोमध बोलत असायचे आणि ही काचेचा कोपरा बघत राहायची, मागच्या गर्दीत, जिथे नाव नसलेली माणसं उभी असतात.

"तिथे काय बघतेस गो?" ज्युलिया विचारायची.

"काय नाय," ती म्हणायची आणि अजून थोडी पुढे सरकायची.