बाटलीतलं पाणी

रसायनीतल्या रंगाच्या कारखान्यात शेकडो माणसं काही ना काही करत असत. कुणी पिंपं ढकली, कुणी पोती उचली, कुणी साहेबाच्या मागे मागे फिरे. बुधाजीला मात्र पगार मिळे तो बघण्याचा. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरून कळावं म्हणून त्याला एक उभी काचेची नळी बसवलेली असते. आत जेवढं पाणी, तेवढं नळीत. ते फार खाली गेलं की बॉयलर कोरडा तापून फुटतो, आणि मग जवळच्या माणसांना घरी न्यायला चौघे लागतात. म्हणून त्या नळीसमोर एक भरवशाचा माणूस बसवायचा. बुधाजी तसा होता. खालापूरकडच्या त्याच्या गावात कुणी विचारलं, बुधाजी कुठे कामाला, तर लोक एवढंच सांगत, काचेवर.

काम शिकवलं येसाजीने. हा बॉयलरची भट्टी सांभाळणारा जुना फायरमन, तोंडाने फाटका, पण आगीजवळ आयुष्य काढून दाढीचा केसही न जळलेला. पाळी बदलताना काचेखालचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचं आणि ते परत उसळून वर येतं का ते दोघांनी मिळून बघायचं, ही तिथली रीत. नळीची वाट गाळाने बुजली असेल तर आत ठणठणाट असतो आणि काचेत जुनंच पाणी शहाण्यासारखं उभं राहतं. येसाजी म्हणायचा, "निवांत पाण्याचा भरवसा धरू नको रं. पाणी हलतंय ना, मग आत सगळं जितं हाय समज." बुधाजीने याची खूणगाठ बांधली. त्याच्या पाळीला कधी काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून कुणी कधी वाखाणलंही नाही.

पण सवय लागायची ती लागलीच. घरी आला की बरणीत लोणच्यावर तेल कितपत उभं आहे ते आधी बघणार. गच्चीवरच्या टाकीला त्याने बाहेरून पारदर्शक नळी लावून घेतली होती आणि तोंड धुण्याआधी तिच्याकडे एकदा मान वर करून बघणं होत असे. बायकोशी बोलतानाही त्याची नजर चहाच्या कपात. बायको सोनुबाई, कळंबची, मोठी बोलघेवडी. चुलीपुढे बसून भात उकडता उकडता ती आख्ख्या गावाची खबर देई आणि हा हूं हूं करी. एकदा ती वैतागून म्हणाली, "मला बी कपाळाला एक काच बसवून घ्या. म्हंजे बघाल तरी माज्याकडं." बुधाजी पोट धरून हसला. हसण्यावारी नेलं, तिथेच चुकला बिचारा. ती अर्धी थट्टा होती आणि अर्धी नव्हती.

रिटायर झाल्यावर दोघांनी ओटीवर बसायचं आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलून घ्यायचं, असं सोनुबाईने ठरवून टाकलं होतं. बुधाजीची ना नव्हती. तो रिटायर झाला, आणि सोनुबाईच्या बोलण्यात खोकला आला. आधी वाक्याच्या शेवटी, मग मधे, मग दोन शब्दांनंतर दम. जन्मभराचा चुलीचा धूर छातीत बसला होता. पनवेलच्या डॉक्टरने मुलाला, हर्षदला, बाहेर नेऊन सांगितलं की फुप्फुसं कडक झाली आहेत, ती काही आता मऊ व्हायची नाहीत. घरी ऑक्सिजन लावा आणि जेवढं सोबत राहता येईल तेवढं राहा.

मशीन आलं. कपाटाएवढं नाही, पण एखाद्या ट्रंकेएवढं, आणि दिवसभर घुरघुरणारं. त्याच्या अंगाला पाण्याची एक पारदर्शक बाटली. हवा त्या पाण्यातून बुडबुडे काढत जायची आणि ओली होऊन नळीने सोनुबाईच्या नाकात पोचायची. मशीन बसवायला आलेल्या माणसाने सगळं समजावलं. बाटलीवर दोन रेघा आहेत, पाणी त्यांच्या मधे ठेवायचं. बुडबुडे थांबले तर नळी कुठे दुमडली का बघायचं. आणि पेशंटचे ओठ आणि नखं निळी पडत नाहीत ना, तिकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी बुधाजीने जीव लावून ऐकल्या. तिसरी त्याने सुनेकडे सोपवून दिली. ओठ आणि नखं हे समीक्षाने बघावं, बाटली मी बघतो.

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. सोनुबाई दम टाकायची तेव्हा काय करावं ते त्याला सुचायचं नाही. आता समोर काच होती, काचेत पाणी होतं आणि पाणी हलत होतं. हे त्याला येत होतं. प्लग कोपऱ्यात, म्हणून मशीन कोपऱ्यात, खाट खिडकीशी. बाटलीसमोर स्टूल टाकून बसला की सोनुबाईकडे त्याची अर्धी पाठ व्हायची. पण बसायचा मात्र भक्तीने. जेवण तिथे, चहा तिथे. पाणी रेघेपासून बोटभर उतरलं की उकळून गार केलेलं पाणी घेऊन उठलाच. गावात त्याचं नाव झालं. बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवत, बघा, याला म्हणतात माणूस.

दिवाळी झाली होती. भात कापून खळ्यात आलं होतं आणि झोडणी चालली होती. सोनुबाईला आतून आवाज ऐकू येई, पेंढ्याचा वास येई, आणि दिसे मात्र खिडकीतून शेजाऱ्याची भिंत. तिने एकच हट्ट धरला. ओटीवर न्या, घडीभर बसू, तुम्ही नि मी. समीक्षाने नळी ताणून बघितली. ती ओटीपर्यंत आरामात पोचत होती. बुधाजीने मान हलवली. नळी पोचेल, पण बाटली आत राहील, आणि मग ती त्याला दिसणार कशी? रविवारी हर्षद लांब वायर आणणार होता, मग मशीनच ओटीवर घेऊ, दोन दिवसांनी काय बिघडतं, असं त्याने तिला समजावलं. सोनुबाईला भांडायला श्वास पुरत नव्हता. नाहीतर बुधाजीची काय बिशाद होती.

ते दोन दिवस काही पुरे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी समीक्षा खळ्यावर गेली होती. घरात दोघंच. सोनुबाई त्या दुपारी बरीच बोलली, म्हणजे तिच्या मानाने बरीच. भाऊ लडकू कळंबहून येतो म्हणाला होता, त्याला तांदळाची भाकरी करून घाला, असं काहीसं. मधे थांबे, पुन्हा बोले. बुधाजी हूं हूं करत होता. पाणी खालच्या रेघेकडे सरकत होतं.

"अवं, जरा हिकडं तोंड करून बसा ना," ती म्हणाली.

"बसतो गं. पाणी उतरलंय, तेवढं भरतो."

त्याने मशीन बंद केलं, बाटली काढली, भरली, झाकण घट्ट केलं, मशीन लावलं. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बुडबुडे घुसळत वर आले आणि एकसारखे चालू झाले. "झालं. आता बघ कसं झ्याक चाललंय," तो म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. डोळा लागला असेल, बरं झालं, असं मनात म्हणून तो आवाज न करता बसून राहिला. बाहेर झोडणीचा ठेका, आत बुडबुड्यांचा. पाणी वरच्या रेघेला होतं. किती तरी दिवसांनी बुधाजीला सुख वाटलं. आज ती खोकली नाही, हेही त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचं त्याला बरंच वाटलं.

समीक्षा चहा घेऊन आली ती खाटेशी थबकली. सासूच्या हाताला हात लावला, मग गालाला.

"बाबा, आई गार लागतायत."

"असं कसं? चालू हाय ना. हे बघ पाणी." त्याने बोटाने बाटली दाखवली.

समीक्षा रडत रडत कोपऱ्यात गेली आणि तिने बटण बंद केलं. बुडबुडे थांबले. पाणी डुचमळलं आणि निवांत झालं. तेव्हा कुठे बुधाजी स्टुलावरून वळला. सोनुबाईचं तोंड त्याच्याच बाजूला होतं. डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ सुकून पांढरे पडले होते.

मशीनला काय? ते हवा फेकत राहतं, पुढे घेणारं कुणी असो नसो. बुडबुडे सांगत होते ते मशीनचं, सोनुबाईचं नव्हे. ही गोष्ट समीक्षाच्या लहान मुलीलाही कळली असती. बुधाजीला कळली नाही, कारण पाणी हलत होतं.

माणसं जमली. रडारड झाली. हर्षद आला, चालवत होता तो टेंपो रस्त्यातच टाकून. ओटीवर बसलेले लोक बुधाजीची तारीफ करत होते, की शेवटपर्यंत बिचारा जागचा हलला नाही. तो ऐकत होता आणि खाली बघत होता. लडकू तिन्हीसांजेला पोचला. बहिणीच्या पायांशी मन मोकळं करून तो बुधाजीजवळ येऊन टेकला. आपल्याकडे माणूस जाताना तोंडात पाणी घालतात. ते कुणाच्या हातचं मिळालं हे माहेरची माणसं विचारतातच, आणि त्यावरून मनाची समजूत घालतात. लडकूनेही तेवढ्यासाठीच विचारलं. "दाजी, आकाला शेवटचं पाणी तुमी घातलंत ना?"

सगळे बुधाजीकडे बघू लागले. कुणालाही वाटलं असतं की तो हो म्हणेल. हो म्हणाला असता तर त्याला खोटं कुणी पाडणार नव्हतं.

"नाय रं," तो म्हणाला. "पाणी माज्या हातात व्हतं. मी ते बाटलीत घातलं."