क्वाडखालचा धडा

रेविन टक शेतावरच्या मुलांना चारचाकी क्वाड-बाईक चालवायला शिकवायची, आणि तिच्याकडून एक तरी पोर न रडता घरी गेलं असेल तर मला दाखवा. दर जूनमध्ये, मेंढ्यांची वीण सुरू व्हायच्या आधी, शाळेमागच्या कुरणात तिचा वर्ग भरायचा. चहा आणि सॉसेज घेऊन मी जायचे, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिचं तोंड वाईट. लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात उभी हयात गेलेली, गोड बोलायची सवय लागणार कधी? "पाय टेकतात का? नाही ना? मग उतर. आईला सांग, वर्षभर पुडिंग जास्त वाढ." हेल्मेटचा पट्टा सैल दिसला की ती ते काढून चिखलात टाकायची. "हे तुझं डोकं. उचल." आयांना राग यायचा, पण पाठवायच्या सगळ्याच. कारण आमच्याकडे पोरांना बूट घ्यावेत तशा क्वाड घेतात, वाढत्या मापाच्या, आणि चार गड्यांना उचलणार नाही असलं धूड आठ वर्षांच्या पोराच्या हातात देतात. असल्या बापांपुढे कुणीतरी तोंड वाजवायला हवंच होतं.

वर्गाच्या शेवटी तिचा खास धडा. पोराच्या बापाला चिखलात आडवं करायचं आणि जुनी क्वाड त्याच्या पायांवर कलंडवायची. आधाराला दोन ओंडके असायचे, बापाला काही व्हायचं नाही, पण दिसायचं भयंकर. "काढ बापाला बाहेर," ती म्हणायची. पोर ओढायचं, धूड हलायचं नाही. रडकुंडीला येऊन पोर इकडेतिकडे बघायला लागलं की ही ओरडायची, "कुठे बघतोस? कुणी येत नाही. बापाला टाकून जाणार? ओढ!" आपल्याला हे उचलत नाही, हे एकदा हाडात मुरलं की पोर आपणहून मोठ्या क्वाडवर बसत नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं.

हा धडा कुठून आला ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा लेस असाच उतारावर क्वाडखाली सापडला होता. रेविन फोन करायला घरी धावली आणि परत येईपर्यंत तो गेला. तू थांबली असतीस तरी वाचला नसता, असं डॉक्टरनं तिला परोपरीनं सांगितलं. "मी त्याला टाकून पळाले," एवढंच ती म्हणायची. दुसऱ्या कुणाला ती तसं करू देणार नव्हती.

त्या वर्षी ब्रेंट ॲटकिन्स त्याच्या टिलीला घेऊन आला. बायको सोडून गेलेली, गडी मिळत नव्हता, डोंगरभर मेंढ्या आणि मदतीला ही आठ वर्षांची मुलगी. विणीच्या दिवसांत तिनं क्वाडवरून फेरी मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

"रेविन, चालवता येते तिला. घरी चालवतेच."

"तुलाही येते असं तुला वाटतं," रेविन म्हणाली. "झोप खाली."

ब्रेंट हसतहसत चिखलात आडवा झाला. टिलीनं क्वाडची दांडी धरून ओढली, मग डॅडचा हात ओढला, मग पुन्हा दांडी.

"आंटी, मी कुणाला तरी बोलावून आणू?"

"कुणाला? मेंढ्यांना? ओढ!"

टिलीच्या नखातून रक्त आलं तेव्हा ब्रेंटचं हसू गेलं. "बस झालं, रेविन. लहान आहे ती."

"मग मी इतका वेळ दुसरं काय सांगतेय?"

टिली मोठी होईपर्यंत तिला क्वाड द्यायची नाही, असा शब्द ब्रेंटनं तिथेच दिला. मला रेविनचा अभिमान वाटला, आणि तिडीकही आली.

ब्रेंटनं शब्द पाळला. टिलीला चालवू दिलं नाही, मागे बसवून न्यायला लागला. मागच्या जाळीवर कुत्रं नाहीतर पोर घेतल्याशिवाय आमच्याकडे क्वाड फाटकाबाहेर पडतच नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी अडलेली मेंढी बघायला निघालेली ती क्वाड वरच्या उतारावर उलटली. टिली गवतात फेकली गेली, तिला खरचटलंसुद्धा नाही. ब्रेंट खाली अडकला.

त्या उतारावरून माझं घर दिसतं. दोरीवर कपडे होते, धुराड्यातून धूर येत होता, नवरा आणि दोन्ही मुलगे घरातच होते. धावत यायला कितीसा वेळ लागला असता? दुपारी माझा नवरा तिकडून गेला तेव्हा ब्रेंट गार पडला होता आणि टिली ओढतच होती.

ब्रेंट बराच वेळ जिवंत होता, हे तिनंच आम्हाला सांगितलं. "डॅड म्हणत होता, जा, त्या घरातून कुणाला तरी आण. सारखं म्हणत होता." मग माझ्याकडे बघून, शाबासकीची वाट बघत म्हणाली, "पण मी नाही गेले. मी डॅडला टाकून नाही गेले."

मी रेविनकडे गेले आणि हे शब्द जसेच्या तसे तिला ऐकवले. तिनं कधी कुणाची गय केली नव्हती, मी तिची का करू? ती टेबलाची कड धरून उभी राहिली. 

पुढच्या जूनमध्ये ती येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. आली. या वेळी ती स्वतःच क्वाडखाली आडवी झाली, पोरांना एकेक करून बोलावलं, आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "शाळेकडे पळ. मागे बघू नको. जो पळेल तो पास." पोरं खुशीत पळाली.

आता मावशीकडे राहणारी टिली शेवटी पुढे आली. तिनं दांडी धरली.

"टिली, सोड ते. पळ."

"नाही."

"मी सांगतेय ना! पळ, बाळा, जा!" रेविनच्या तोंडून 'बाळा' आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

टिलीनं गमबूट चिखलात रोवले. "घाबरू नकोस, आंटी. मी तुला टाकून जाणार नाही."

रेविन खालून ओरडत राहिली, आणि टिली ओढत राहिली.