गुरुवारी मॅट कोण अंथरतं

नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, विहिरीतून प्रेत काढताना दोर धरून उभी राहिले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. एक प्रकरण मात्र तसंच्या तसं मनात बसलंय. कधी दुपारी डोळा लागता लागता दिसतं आणि झोप उडते. गंमत म्हणजे ते कुठल्याच ठाण्याच्या डायरीत सापडायचं नाही. ना एफआयआर, ना पंचनामा. घडलं तेही आपल्या देशात नाही, मस्कतला.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून लागलेली बाई, खात्याच्या परीक्षा देत देत तिथवर पोचले होते. लेकीच्या बाळंतपणासाठी अर्जित रजा टाकून मस्कतमधल्या अल् खुवैर भागात तिच्या घरी गेले होते. जावई इंजिनिअर, आणि आठवडाभर ऑफिस करून शुक्रवारी पहाटे क्रिकेट खेळणारे. त्यांच्या टीमचे कॅप्टनच ते. जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपवायची म्हणून उजाडता उजाडता निघायचे.

एका शुक्रवारी ते मॅच न खेळताच परत आले. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेनात.

"आई, तुम्ही पोलिसात आहात म्हणून विचारतो. हसू नका. आमच्या ग्राउंडवर मेलेला माणूस येतोय."

मी हसले नाही. ठाण्यात लोक याहून विचित्र सांगतात, आणि हसलं की पुढचं सांगायचे थांबतात.

हकिगत अशी. त्यांच्या टीमचा एक बोलर महामार्गावर गाडीच्या अपघातात गेला होता. तिथं क्रिकेट खेळतात ते सिमेंटच्या पट्टीवर. आदल्या दिवशी तिच्यावर हिरवी मॅट ताणून खिळे ठोकायचे, चुन्यानं रेघा मारायच्या. हे काम तो बोलर एकट्यानं करायचा. तेव्हा तिकडं गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. गुरुवारी भर दुपारी सगळे झोपले की हा मैदानावर. तो गेल्यानंतरच्या शुक्रवारी टीम पोचली तर मॅट अंथरलेली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केलं असेल. पुढच्या शुक्रवारी तेच. मग एकमेकांना विचारलं, तर कुणीच केलेलं नाही. आणि आज तर बोलर रनअप सुरू करायचा त्या जागी तीन चपटे दगड एकावर एक ठेवलेले. तसे दगड तोच ठेवायचा. खेळाडू गाडीतून उतरलेच नाहीत.

"तेवढ्यावर भागलं असतं," जावई म्हणाले, "पण त्याच्या बायकोला, वहिनींना कळलं. त्यांनी भरलेल्या बॅगा उघडल्या."

खरी केस ती होती. बोलरच्या बायकोला आणि दोन मुलांना महिनाअखेर मस्कत सोडायचं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी बाई, नवराच नाही तर मुदत संपणार. न्यायला दीर आलेला, तिकिटं काढलेली, इकडं गावी मुलांचं शाळेत नाव घातलेलं. आणि बाई म्हणत होती, तो इथंच आहे, मी कशी जाऊ? मुदत उलटली की दंड, पुढं काय काय लागेल ते वेगळं.

मी जावयांना आधीच सांगितलं, परक्या मुलखात मी फक्त तुमची सासू. चौकशी म्हणून कुणाला हात लावणार नाही. पण तिला भेटायला जायला कुणाची परवानगी लागते?

तिच्या घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आमच्या घरात असतो तसाच. "जय भीम, काकू," म्हणाली आणि पाणी आणलं. रडत नव्हती. रडणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही.

"काकू, आत्मा नसतो, हे मला लहानपणापासून शिकवलंय. मीही मुलांना तेच शिकवलंय. मग मॅट कोण अंथरतं ते सांगा. मी उद्या निघते."

आतून तिची मुलगी आली, सात-आठ वर्षांची. "आजी, पप्पा डज इट," म्हणाली, जणू पप्पा भाजी आणायला गेलेत, आणि परत आत गेली. माझ्या अंगावर काटा आला तो त्या पोरीमुळे.

मी जागा पाहिली. मैदान म्हणायचं ते गवताचं पातंही नसलेलं, भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर तिन्ही बाजूंनी टेकलेले. आवाज केला की डोंगर तो परत करतात, जरा उशिरा. अर्धी जागा क्रिकेटची, अर्ध्यात इंग्रजी एच अक्षरासारखे उंच खांब. तिथं गोरे लोक रग्बी खेळतात, त्यांची वेळ वेगळी. मधोमध लोखंडी कंटेनर, सामानाचा. त्याचं कुलूप नीट पाहिलं. फोडलेलं नव्हतं, ओरखडाही नव्हता.

"किल्ल्या किती?" मी जावयांना विचारलं.

"एक माझ्याकडे, एक त्याची. ती वहिनींकडे आहे, मी पाहिली."

चावीनं उघडलेलं कुलूप म्हणजे हाताचं काम. हे मी मनाशी म्हटलं. तरी त्या पट्टीपाशी उभं राहावेना, खोटं कशाला सांगू. रेघा इतक्या पांढऱ्या, इतक्या ताज्या, आणि आजूबाजूला एकही पाऊल नाही. वाऱ्यानं पुसलं असणार. असणारच.

मग खाली वाकून बघत बघत चालले. आमच्या साहेबांची शिकवण, घटनास्थळी मान खाली. चुन्याचे थेंब वाळून जमिनीला चिकटले होते. पट्टीपासून निघून ते थेंब रग्बीच्या खांबांकडे गेले होते. तिथल्या रेघेवर बोट आडवं ठेवलं, मग इकडच्या रेघेवर. जाडी एक. दोन्ही एकाच यंत्राच्या.

खबर दिली ती मात्र रत्नागिरीकडच्या एका पिकअपवाल्यानं. मत्रहच्या बाजारातून दुकानांना माल पोचवायचा, आणि याच टीममध्ये खेळायचा.

"मावशी, मी बघलाय त्याला. गेल्या गुरुवारी, भर दुपारी. डोक्यापास्नं पांढरा. पाय नव्हते."

"गाडी थांबवलीस?"

"थांबवू? मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत थेट मत्रहला पोचलो. माल तसाच गाडीत. अर्बाब, आमचा शेठ, काय काय बोलला ते तुमच्यासमोर सांगत नाय."

"कपडे बोलरसारखे होते?"

"उंच होता, मावशी. आपल्या गड्यापरीस उंच."

हा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाबरलेल्या माणसाला काय पाहिलंस विचारलं तर तो भीती सांगतो. उंची, हात, चप्पल विचारलं की डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पुढच्या गुरुवारी जेवणं उरकल्यावर जावई आणि मी गाडी लांब उभी करून बसलो. तिन्हीसांजेइतकीच भर दुपारही वाईट, असं आमच्या आईनं आम्हाला बजावलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन असं की जमिनीवर पाणी हलतंय असं वाटावं. आणि त्या हलत्या पाण्यातून तो आला. सगळा पांढरा, तोंडही झाकलेलं. गुडघ्याखाली खरंच काही दिसत नव्हतं, झळांनी पाय गिळलेले. कंटेनरचं दार कुरकुरलं आणि तो आवाज डोंगरातून परत आला. खांद्यावर मॅटची गुंडाळी घेऊन पट्टीवर आला, गुडघे टेकले, हातोडा उचलला. एक घाव घातला की दोन ऐकू यायचे.

"आई, चला परत," जावई पुटपुटले.

"भुताला हातोडा कशाला लागतो? चला पुढे."

जवळ गेलो तसे पाय दिसले. बूट घातलेले. त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं. पन्नाशीचा गोरा माणूस, नाक सोललेलं, आम्हाला बघून तोच दचकलेला.

जबाब जावयांनी इंग्रजीत घेतला, प्रश्न माझे. तो रग्बीवाल्यांचा माणूस, मूळचा वेल्समधल्या कार्डिफ शहराचा. गुरुवारी दुपारी एका बाजूला हा रग्बीच्या रेघा मारायचा, दुसऱ्या बाजूला आमचा बोलर मॅट अंथरायचा. चुन्याचं यंत्र याचं, ते दोघांत वापरायचे. तिसरी किल्ली बोलरनंच दिलेली. ओळख म्हणाल तर पाण्याची बाटली एकमेकांना देण्यापुरती. टीममधलं कुणी त्याला माहीत नव्हतं, त्यांना हा.

"मग न सांगता का करायचात?"

तो म्हणाला, त्याच्या गावात भलंमोठं स्टेडियम शहराच्या मधोमध आहे, नदीला लागून. मॅचच्या दिवशी सगळं गाव चालत तिकडं निघतं. वडील एका लहानशा क्लबचं मैदान राखायचे. माणूस गेला तरी शनिवारच्या मॅचला त्याचं काम अडू द्यायचं नाही, आणि ते कुणी केलं हे बोलायचं नाही, असा त्यांचा रिवाज. तिकडं तर लोक मेल्यावर आपली राख मैदानात टाका म्हणून सांगून ठेवतात. "तो आला नाही, मग कळलं. शुक्रवारी पोरं खेळायला येणार होती. दगडांचं मला उशिरा आठवलं." तुमच्यामुळे सगळे घाबरलेत, हे सांगितल्यावर तो खाली बसला आणि बराच वेळ सॉरी सॉरी करत राहिला.

केस सुटली. ठाण्यात अशा वेळी आम्ही चहा मागवायचो.

मी जाऊन बाईला सगळं सांगितलं. मला वाटलं, सुटल्यासारखी होईल. "म्हणजे नाहीच तो," एवढंच ती म्हणाली. मी तिच्या घरातून माणूस दुसऱ्यांदा नेला होता.

जाण्याआधी तिला त्या माणसाला भेटायचं होतं. गुरुवारी दुपारी नेलं. तो मॅट ठोकत होता, ती उन्हात उभी. काम झाल्यावर तिनं इंग्रजीत विचारलं, "तो काम करताना बोलायचा का?"

"खूप," तो म्हणाला. "त्याच्या भाषेत, एकट्याशीच. मला कळायचं नाही. पण संपल्यावर एक वाक्य नेहमीचं. ते मी पण म्हणतो. म्हटल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटत नाही."

त्यानं हात झटकले, आणि त्याच्या तोंडून मराठी आलं. "झालं बुवा. चला, ती वाट बघत असेल."

उच्चार वेडेवाकडे, पण चाल वऱ्हाडातली, बोलरच्या गावाकडची. शेवटचा शब्द जरा ओढलेला. जावयांनी माझा हात धरला. त्यांनी तो आवाज ओळखला होता. डोंगरानं ते वाक्य परत केलं, जरा उशिरा.

बाई म्हणाली, "परत म्हणाल?"

त्यानं म्हटलं. आणि विचारलं, "अर्थ काय याचा?"

जावई तोंड उघडणार, तिनं मान हलवून थांबवलं. "काम संपलं," तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं. "एवढाच."

गाडीत बसल्यावर ती पोटभर रडली. मुदतीच्या आत, दिराबरोबर, मुलांना घेऊन ती निघून गेली.

मी रजा संपवून हजर झाले. त्या केसनं मला शिकवलं ते असं, की गूढ उकललं म्हणजे घरच्यांचं काम झालं असं आपण समजतो, तसं नसतं. शोधून काढताना आपण काहीतरी काढूनही घेतो. उरलेल्या नोकरीत मयताच्या घरी जबाबाला गेले की शेवटचं कधी पाहिलं, कुणाशी वैर होतं, हे कागदावर घ्यायचीच. मग पेन बंद करून विचारायची, "घरी आले की काय बोलायचे हो?" सुरुवातीला बायका गोंधळायच्या. मग सांगायच्या, आणि सांगताना नवऱ्याच्या आवाजात सांगायच्या. त्या खोलीत तेवढा वेळ मी दाराकडे बघत नसे.