आधी चाचांचा ड्रम

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं, तेही नेमकं मी वाळूजच्या कंपनीतून दमून घरी आले की. समोरच्या खोलीत एक म्हातारे शिंपी एकटेच राहायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जन्मभर मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून त्यांचा ड्रम मी माझ्या नळीनं भरायची.

"पहले अपना भर ले, बेटा," ते दर वेळी म्हणायचे. मी ऐकायची नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. आपलं भरलं की मी खाली बसेन आणि एकदा बसले की उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी त्यांचा ड्रम. मनातल्या मनात चडफडत मी नळी धरून उभी राहायची. ड्रम भरत आला की चाचा काठीनं त्यावर टकटक करून आवाज ऐकायचे आणि "बस, हो गया" म्हणत असं हसायचे, की मलाही हसू यायचं. दिवसभरातलं तेवढंच काम मला कुणी सांगितलेलं नसायचं.

पुढं त्यांची मुलगी त्यांना जालन्याला घेऊन गेली. त्यानंतर पाणी आलं त्या दिवशी मी फक्त माझीच भांडी भरली. काम अर्ध्या वेळात उरकलं. नळाला अजून चांगली धार होती. समोरच्या कुलपाकडं बघत मी उंबऱ्यावर बसले. इतकी मी कधीच दमले नव्हते.